जुळल्याचा आवाज

नवा कॉम्प्युटर आला तो मुकाच आला.
जुन्याचा निदान पंखा घरघरायचा,
कळायचं, आहे बुवा, जिवंत आहे.
ह्याचं म्हणजे, ऑर्डर आली तरी गप्प,
इन्सुलिन संपत आलं तरी गप्प.
बुधवारी महूची ऑर्डर पाच तास पडून राहिली
आणि बोलणी मी खाल्ली.

म्हणून आज, दवा बाजाराला जरा डुलकी लागते त्या वेळी,
हर्षुल दोन इवलेसे स्पीकर लावून गेला.
"ताई, सेटिंग में जाओ, आवाज में जाओ,
एक-एक सुन लो, जो जमे वो लगा लो."
त्याची कचोरी थंड होत होती.

यादी उघडली.
डावीकडे घटना, उजवीकडे आवाज,
खाली 'चाचणी' नावाचं बटण.
दाबलं.
टिंग.
काउंटरवरच्या प्रद्युम्ननं खिसा चाचपला.
टुडुंग.
माळ्यावर खोकी मोजणारे बाबूलाल आकडा विसरले,
आणि कोणाला घालू हे न कळून शिवी हवेतच सोडली.
एक आवाज तर असा निघाला
की मुंगीकाका चष्मा काढून उभेच राहिले:
"कोण गेलं?"

नव्या ऑर्डरला घंटी दिली, साधी, दारावरची.
थकलेल्या उधारीला एक जडसा,
कुणी दुसऱ्यांदा खाकरावं तसा.
फ्रीजचा पारा चढला तर मात्र सगळ्यात मोठा,
लशीला स्वतःला ओरडता येत नाही.

मग उगाच खाली खाली जात राहिले.
चूक झाली. थांबा. जोडणी तुटली.
बॅटरी संपत आली. अगदीच संपत आली.
शेवटपर्यंत गेले,
'बरोबर झालं' अशी घटनाच नव्हती त्यात.

आमचे खासगीवाले अण्णा
रोकड जुळली की पेनचं टोपण
जेवणाच्या डब्याच्या झाकणावर दोनदा वाजवायचे.
टक. टक.
बोलायचं कुणी काही नाही.
चपला शोधायच्या, शटर ओढायचं.
आता देवासला असतात मुलीकडे,
फोनवर फक्त गुडघ्यांचं सांगतात.

म्हटलं, तो आवाज आपणच भरू या.
माझ्या बॉलपेनचं टोपण प्लॅस्टिकचं, नुसतं चटचटलं.
कपाटाची किल्ली घेतली, ती जरा बरी,
पण डबा रिकामा, धुतलेला;
देवळातल्यासारखा घुमला. अण्णांचा घुमायचा नाही.
चार वेळा भरला, चार वेळा पुसला.
प्रद्युम्न म्हणाला, झालं का तुमचं कीर्तन?
शेवटी त्याच्याच डब्यात दुपारची भेंडी होती थोडी,
त्याच्या झाकणावर मारून पाहिलं.

टक. टक.

हाच.
म्हणजे अण्णा रोज दोन घास ठेवायचे ते ह्यासाठी,
आणि आम्ही एकोणीस वर्षं म्हणत होतो,
अण्णांची भूकच कमी.

आवाज तर झाला. लावू कुठे?
'फाइल जतन झाली'ला लावावा तर ती दिवसातून दोनशेदा होते,
तेवढं काही जुळत नाही कुणाचं.
तसाच ठेवला मग यादीत, कशालाच न जोडता.

सात चाळीसला रोकड बसली. रुपयाला रुपया.
तेवीस पैसे वर, ते बाबूलालना दाखवले नाहीत.
सेटिंगमध्ये गेले, आवाजात गेले,
'चाचणी' दाबली.

मुंगीकाकांनी मान वर केली नाही,
पायानं टेबलाखालची चप्पल तेवढी ओढून घेतली.
हर्षुल दारातून वळला,
"ताई, ये किसका नोटिफिकेशन था?"
मी पिशवी भरत होते.
उद्यापासून डबा
पुरता संपवायचा नाही.