ऐरणीला शेक

डिसेंबरात चिनावलला थंडी
सातपुड्यावरून उतरते ती थेट पत्र्यावर.
खोबरेल बाटलीत दगड झालंय,
कानस उचलली तर तीच बोटांना चावते.

शेड म्हणजे बंबाची जुनी खोली.
ट्रकच्या ब्रेक-ड्रमची भट्टी,
आणि भात्याच्या जागी हेअर ड्रायर, मुलीचा.
सासरी जाताना विसरली की ठेवून गेली,
विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात घाई केली.
गार ऐरण, गार तेल, आणि मी पासष्टीचा उतावीळ.
पातं बुडालं आणि आतून
टिक्,
एवढंच, बांगडी वाढावी तसं.
उजेडात धरलं तर पाठीपासून धारेपर्यंत
केसाएवढी रेघ.
उखर्डू मिस्तरी असता तर शिवीही दिली नसती.
नुसतं म्हणाला असता,
"लोखंडाले बी थंडी वाजते, भाऊ."

पाच भावंडं गेल्यावर
उकिरड्यावर लोळवून नाव ठेवलेला माणूस.
काम सुरू करण्याआधी ऐरणीवर तळहात ठेवायचा,
ताप पाहावा तसा.

म्हणून आज आधी शेक.
पाट्याचा एक तुकडा लाल करून ऐरणीवर,
तो निवला की दुसरा,
बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी सरकवतात
त्या सबुरीनं.
तिसरा तेलाच्या डब्यात.
करडईचं तेल आधी चिडलं, मग सैल झालं,
करंगळी बुडवून चार मोजता येतील एवढं ऊन.
घरातून आवाज: "भजी तळताय का?"

पातं हसरत तडवीचं.
केळीचे घड उतरवायचं, टोकाशी जरा वाकडं.
तो आला तोच धुराचा वास घेऊन.
रात्रभर बागेच्या बांधावर
काडीकचरा पेटवून बसायचंय,
गारठ्यानं केळी पिवळी पडते.
"तुमी एक पातं तापवता," म्हणाला,
"आमी आठ हजार खोडं."
आणि भट्टीपाशी उकिडवा बसला.

साडेनऊला वीज जाते. मला तेच हवं असतं,
उजेडात रंग खोटं बोलतो.
पण ड्रायरही गेला.
मग माळ्यावरचा हातपंखा काढला, हसरतनं फिरवला,
कुरकुर, कुरकुर,
आणि काळोखात पातं हळूहळू दिसू लागलं:
जांभूळ. डाळिंबाचा दाणा.
मग पळसाच्या जरा अलीकडचं काहीतरी,
त्याला माझ्याकडे शब्द नाही.
स्पीकरमधलं चुंबक लावलं. धरलं.
अजून थोडं.
पुन्हा लावलं, तर ओळखच दाखवेना.
आता दहा श्वास, आणि

आत.

ज्वाला उठली, हसरतची दाढी दिसली, विझली.
दोघंही कान देऊन बसलो.
टिक् नाही.
डब्यात नुसती तेलाची पुटपुट.

"पाणी दिलं ना?" त्यानं विचारलं.
दिलं म्हटलं.
"हे तं तेल आहे."
आहे. तरी पाणीच म्हणतात.
तो त्यावर बराच वेळ विचार करत राहिला.

कानस फिरवली, काचेवरून घसरावी तशी घसरली.
एवढं कडक पातं दुसऱ्याच घडाला तुटेल.
म्हणून कढईत वाळू, खाली निखारे,
फुटाण्यांच्या गाडीवर असते तशी तापलेली,
त्यात पातं, पाठ खाली.
घासलेल्या पट्ट्यावर रंग चढायची वाट.
पिकल्या गव्हाच्या काडीचा आला की काढायचं.
तो दोनदा आला, दोनदा काढलं.
मध्ये हसरत बसल्या बसल्या झोपला,
हात अजून पंख्याच्या दांडीवर.
मी उठवलं नाही,
मग आठ हजार खोडं आठवली
आणि उठवलं.

तो गेला. खिशात पातं, फडक्यात गुंडाळलेलं,
हातात माझ्या घमेल्यातले निखारे, बांधासाठी.
घमेलं परत आणीन म्हणाला.

पहाटे शेडचं दार ढकललं.
भट्टी राख, तेलावर साय,
आणि ऐरणीवर शेजारच्यांची भुरी मांजर,
पोट टेकवून, डोळे मिटून.
हाकलायला हात पुढे केला,
तिच्या पोटाखाली लोखंड
अजून कोमट होतं.