मात्रा फुकट

ट्रस्टच्या ऑफिसातून फोन आला:
घोलप, बाईंच्या नावाआधी सगळीकडे कै. घालायचं.
सगळीकडे म्हणजे?
यादी पाठवतो, म्हणाला नवा पोरगा.
यादी मला पाठ आहे, बाळा. पाठवू नकोस.

दांडिया बाजारच्या शाळेत चौदा पंखे,
पात्यांवर नाव, वीज गेली की वाचता येतं.
प्रसूतिगृहात अकरा पाळणे.
वाचनालयाची शिडी.
खासवाडीच्या स्मशानातला पाण्याचा कूलर.

परवा तिथेच नेलं त्यांना.
अलकापुरीतल्या गाड्या रस्ताभर,
मोत्यांच्या कुड्या, काळे चष्मे,
आणि ऊन असं की एकेक करून सगळे कूलरपाशी.
प्यायले, तोंड पुसलं, वर वाचलं:
श्रीमती ऊर्मिला यशवंतराव पिसाळ यांजकडून.
एक म्हणाला, बाईंनी इथंही सोय करून ठेवली.
दुसरा म्हणाला, पाणी गार नाहीये पण.

नाव लिहिताना त्या समोर स्टुलावर बसायच्या.
घोलप, ऊ दीर्घ.
सगळं बडोदं मला ऱ्हस्व लिहितं, तू लिहू नकोस.
माझा दर अक्षराला बारा आणे.
लाखाचा चेक फाडून देणारी बाई
बारा आण्यांसाठी घासाघीस करायची:
काना, मात्रा, वेलांटी धरायची नाही. ती फुकट.
आणि रफार?
रफार तर नुसतं वारं.
खाली गुजरातीत लिहिलं की हसायच्या,
इथे डोक्यावर रेघच नाही रे,
गुजरातीत मी बिनछपराची.

पेपरात त्यांचा फोटो यायचा तो कात्रीसकट.
फीत कापायची, कात्री पर्समध्ये.
शंभरेक साठल्या तेव्हा शिवणवर्गाला दिल्या.
एकीलाही धार नाही.
मुली फिसकन हसल्या.
बाई ओशाळल्या, मग मांडवीवरून धारवाला आणवला
आणि त्याच्या चाकाशेजारी उभ्या राहिल्या
शेवटची कात्री होईपर्यंत.
घरी पाहुणे खोळंबले होते, म्हणे, कलेक्टरसुद्धा.

माझ्या मुलाची फी मात्र भरली नाही.
नापासांना देत नाही, म्हणाल्या.
तो अजून बोलतो त्यावर.
मी बोलत नाही.

विश्वामित्री शाळेत शिरली त्या साली
भिंतीवरचं 'सप्रेम भेट' राहिलं,
खालचं नाव गेलं.
म्हटलं, बाई, असंच बरं दिसतंय.
रंगव, म्हणाल्या. मी काय संत आहे?
नाव दिसलं तर शेजारचा शहा जळेल,
जळला तर तोही काही देईल.
(शहांनी दोन वर्गखोल्या दिल्या.)

साहेब गेले तेव्हा विचारलं होतं मी,
जुन्यांवरचं सौ. पुसून श्रीमती करू का?
बराच वेळ बोलल्या नाहीत.
बांगड्या नसलेला हात स्टुलाच्या कडेवर.
मग: नव्यांवर कर. जुनं असू दे.
दिलं तेव्हा होतेच ना मी सौ.

हे मी ट्रस्टच्या पोराला सांगितलं.
म्हणाला, ठराव झालाय काका.

म्हणून आज सकाळी खासवाडी. कूलरपासून सुरुवात.
श्रीमती खरवडलं.
तीन अक्षरांच्या जागेत एक,
कै. जरा ढगळ बसतं,
आजारी माणसाच्या अंगात सदरा बसतो तसं.

आता बिल.
क, एक अक्षर.
मात्रा फुकट.
टिंबाचं आमचं कधी ठरलंच नव्हतं.
टिंब माझ्याकडून.

रंग ओला आहे.
लाकडं उतरवणारा पोऱ्या पेला घेऊन आला.
म्हटलं, पी,
फक्त वर हात लावू नको.