खाच

निपाणी स्टँडमागे तिसरं शटर.
पाटीवर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक,
'दुरुस्ती' मात्र दोन्ही ओळींत तीच.

बेडकिहाळचा बाळगोंडा आलाय
रुमालात रॅमची पट्टी बांधून.
कोल्हापुरात घेतली, चार जीबी, पावती नाही.
"कूडंगिल्ल," म्हणाला, मग माझ्यासाठी,
"बसेना गं पोरी. घासली, दाबली, बसेना."

मी दोन्ही शेजारी ठेवल्या,
त्याच्या मशीनमधली जुनी आणि ही.
लांबी तीच. दात तेवढेच, दोनशे चाळीस,
हवं तर मोजून घ्या.
फक्त खाच.
एकीची मध्याच्या जरा बाजूला,
दुसरीची आणखी सरकलेली.
डीडीआर टू, डीडीआर थ्री.
दोघींना लागणारा करंट वेगळा,
म्हणून खाच. ती चुकून पडलेली नाही,
जळू नये म्हणून पाडलेली.

"कानस मारू काय थोडी?"
मारणारे मारतात.
त्यांचे बोर्डही येतात माझ्याकडं, काळे पडलेले.

तेवढ्यात लाइट गेली.
माझा हात लागला, आणि तंबाखूचा जुना पत्र्याचा डबा
फरशीवर, आतल्या साठ-सत्तर पट्ट्यांसकट.

आई जेवण घेऊन दारात उभी होती.
तीस वर्षं विड्या वळलेली बाई.
पिशवी ठेवली, खाली बसली,
अंगठ्याचं नख कडेवरून फिरवत गेली.
"ही मधल्या खाचेची. ही बाजूच्या.
हिचं पोट पुढं आलंय बघ.
आणि ही आखूड पिल्लं, लॅपटॉपातली असतील,
ती एकीकडं."
बाकीची नावं तिला कुणी सांगितलेली नव्हती.

लाइट आली तेव्हा चार ढीग होते.
मी तपासले. एकच चुकलेली,
तीही माझ्याच हातून कधीतरी
कडेला मोडलेली.

बाळगोंडाला पहिल्या ढिगातली दोन जीबी दिली,
खोडरबरनं दात पुसून.
दोन्ही टोकं धरून सरळ खाली:
टक्.
मग दुसऱ्या बाजूनं, टक्.
पंखा फिरला. एकच बारीक बीप.

"कुंतु!" तो म्हणाला.
"बसली," आई म्हणाली,
दोघंही एकमेकांकडं न बघता.

चार जीबी पुन्हा रुमालात गेली.
सोमवारी कोल्हापूरला जाऊन भांडणार आहे म्हणे.
आई डबा उघडायच्या आधी
बोटं नाकाशी नेऊन थांबली.
तंबाखूचा वास नव्हता.
तिनं पुन्हा एकदा घेतला.