कळायला हवं होतं

डिसेंबरातला गुरुवार, पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं.
डुलुथमध्ये, एका बेकरीच्या वर,
दोन खोल्यांची आमची कंपनी.
शहराची पाणीबिलं आम्ही छापतो,
घडी घालतो, पाकिटात सरकवतो, पाठवतो.
सरोवर आमचं नाही, नळ आमचे नाहीत,
आमची फक्त पाकिटावरची ती बोटभर खिडकी
जिच्यातून नाव दिसतं.

खालून पावाचा वास येत होता
आणि वर्ना हाउगेन स्क्रीनवरच्या नोंदी
गहू निवडावेत तशा निवडत होती.
मंगळवारी रात्री कुणीतरी आत आलं होतं.
ऑरिनच्याच पासवर्डनं,
पायपुसण्याला पाय पुसून आल्यासारखं.
अडीच तास बसलं, गेलं.
काय नेलं?
या चोरीत नेलेली वस्तू जागेवरच राहते.
अकरा हजार चारशे बारा घरं,
जिथल्या तिथे. मोजून घ्या.

पाचला ऑरिन आला, टोपीवर बर्फ तसाच.
म्हणाला, अजून आपल्याला कळलेलं नाही,
नुसता संशय आहे.
संशय कळवायचा नसतो.
सोमवारी बघू.
ऑरिन वाईट माणूस नाही.
माझं ऑपरेशन झालं तेव्हा चार महिने
पगाराचा चेक त्यानं स्वतः घरी आणून दिला.
शहराचं कंत्राट गेलं तर
त्या दोन खोल्यांत काय उरतं, तेही तो जाणतो:
एक घडी घालायचं मशीन
आणि आम्ही तिघं.

वर्नानं काही न बोलता कंत्राट उघडलं.
कलम चौदा.
चोवीस तासांच्या आत कळवावे,
घटना कळल्यापासून,
किंवा कळायला हवी होती तेव्हापासून.
तिचा अंगठा "किंवा"वर थांबला
आणि तिथेच राहिला.

मग तिनं शेऱ्यांचा रकाना उघडला,
जो बिलावर कधीच छापला जात नाही.
ऐकू येत नाही, मुलीला फोन करा.
घरी डायलिसिस, पाणी तोडू नये.
कुत्रा आहे, फाटकाचा आकडा चार चार एक नऊ.
दर वेळी वाद घालतात, पण भरतात.
आणि खाली, तीन मार्चची एक ओळ:
नवा पत्ता कुणालाही देऊ नये.
नवऱ्यालाही.
विशेषतः नवऱ्याला.

तिचं नाव मी इथेही लिहीत नाही.

ऑरिन खुर्चीत बसला. टोपीवरचा बर्फ वितळून
त्याच्या कानामागून कॉलरमध्ये उतरत होता,
त्यानं पुसला नाही.

आणि आता माझं.
मंगळवारी रात्री नऊ चाळीसला माझा फोन थरथरला होता.
अनोळखी ठिकाणाहून लॉगिन, हे तुम्हीच का?
मी रिंकच्या कठड्याला टेकून उभा होतो,
मुलगा गोलपोस्टमध्ये,
शेवटची सहा मिनिटं.
अंगठ्यानं तो संदेश मी बाजूला सारला,
ताटातली मिरची सारतो तसा.
मुलगा जिंकला. आम्ही पिझ्झा खाल्ला.
मला कळलं नव्हतं, हे खरं.
मला कळायला हवं होतं, हेही.

हे मी त्या दोघांना सांगितलं तेव्हा
कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.
वर्नानं बोटांवर हिशेब केला:
मुदत संपून आठ तास.
मग तिनं शहराचा रात्रीचा नंबर लावला
आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

बाहेर अंधारात एका जहाजानं भोंगा दिला,
एक लांब, दोन आखूड.
पुलानं तस्संच उत्तर दिलं आणि तो
वर उचलला जाऊ लागला.

पलीकडे पाओ थाओ नावाचा माणूस, झोपेनं जड आवाज.
मी म्हणालो, पाणीबिलांची माहिती फुटली आहे.
आधी एक घर सांगतो,
तिथे आत्ता, याच घटकेला कुणाला तरी पाठवा.
बाकीची अकरा हजार मग.
तो म्हणाला, तुम्हाला केव्हा कळलं?
ऑरिननं डोळे मिटले.

मंगळवारी, मी म्हणालो. नऊ चाळीसला.

पलीकडे खण ओढल्याचा आवाज.
थांबा, तो म्हणाला,
पेन घेतो.