कागद

लिलाववाला माणूस भला होता. बूट पुसून आत आला.
डोळ्याला भिंग लावून त्यानं कडेवरचं नाव वाचलं:
गनर जी. प्रॉसर, अलीकडे नंबर.
म्हणाला, पदकाला भाव चांदीचा नसतो, बाई,
गोष्टीचा असतो.
कागद आहे?

आहे. टॉफीच्या डब्यात, घडीवर विरलेला.
‘माघारीचा हुकूम झाल्यावरही
हा तोफखान्याचा जवान आपल्या तोफेपाशी एकटा थांबला
आणि चाळीस मिनिटं त्यानं नदीचा उतार रोखून धरला.’
खाली कर्नलची सही. शाई चहासारखी झालेली.

वडलांना तो ओरडून वाचून दाखवावा लागे,
कानाशी तोंड नेऊन, शेजारच्या मिसेस मॉस्टिनला ऐकू जाईल इतकं.
आणि ते हसत.
“हुकूम? कुठला हुकूम?
सकाळीच उजवा कान गेला होता, दुपारपर्यंत डावा.
मागं वळून पाहिलं तर कुणीच नाही.
वाटलं, गोळे आणायला गेलेत.
येतीलच, म्हणून डागत राहिलो.”

परत आल्यावर ते स्लेटच्या खाणीत.
सुरुंगाचा भोंगा त्यांना ऐकू यायचा नाही,
म्हणून बाही ओढायला एक पोरगा ठेवला होता,
त्याचा आठवड्याचा पगार वडलांच्या पाकिटातून कापून.
चॅपलमध्ये स्तोत्र संपे, सगळे खाली बसत,
हे उभेच, पुढचं कडवं मोठ्यांदा.
आई कोटाचं टोक धरून खाली खेचायची.
मी जमिनीकडे बघायची. आठ वर्षांची होते.

“आणि ही?” त्यानं रिबनीवरच्या आडव्या पट्टीवर नख ठेवलं.
“ही म्हणजे दुसऱ्यांदा. हिचा कागद?”

पट्टीवर वडील कधी हसले नाहीत.
एकदाच बोलले, आईला पुरून आलो त्या रात्री,
स्वयंपाकघरात, ओला कोट अंगावर तसाच.
दुसऱ्या वेळी अधिकाऱ्याला ठाऊक होतं, प्रॉसर बहिरा आहे.
म्हणून तो आडोशातून बाहेर आला,
उभा राहिला आणि हात हलवला: मागे.
दोनदा हलवला.
“मला स्पष्ट दिसला,” वडील म्हणाले,
“हातमोजा नव्हता त्याच्या हातात.
मी तोंड फिरवलं.
पुन्हा पाहिलं तेव्हा तो उभा नव्हता.”
मग त्यांनी विचारलं, दूधवाल्याचे पैसे दिलेस का.

हे मी कुठल्या कागदावर दाखवू?

“नाही,” म्हटलं, “हरवला असेल.”
त्यानं मान हलवली, पेन्सिलीनं आकडा खोडला,
शेजारी दुसरा लिहिला, लहान.
मी किटली ठेवली. साखर किती, विचारलं.