नवं पुढं

मागचा टायर मधोमध सपाट झालाय,
कुणी लाटणं फिरवल्यासारखा.
एका कडेला वीतभर सूत उघडं पडलंय.
मी उद्यमबागेत कास्टिंग तपासते.
असा जॉब माझ्या टेबलावर आला असता
तर खडूनं लाल फुली मारून
केव्हाच भट्टीकडं परत पाठवला असता.
स्वतःच्या चाकावर मात्र सहा महिने चालवून घेतला.

शहापुरात, जिथं अजून एखादा माग खडखडतो
त्या गल्लीच्या तोंडाला गुरुपाद अण्णांचं दुकान.
काउंटरवर त्यांनी तीन टायर ठेवले:
तेवीस, पंचवीस, अठ्ठावीस.
तेवीस म्हणजे ताठ मानेचं पोरगं,
एकशेवीस पौंड हवा द्या, नाहीतर बोलणार नाही.
अठ्ठावीस सोशिक,
जांबोटीच्या खड्ड्यांतसुद्धा तक्रार न करणारा.
पंचवीसबद्दल मला काही सुचलं नाही.

अण्णांनी अठ्ठावीस एका मोकळ्या रिमवर चढवून हवा भरली.
मी पिशवीतून व्हर्निअर काढला.
ते हसले, पण पंप धरून थांबले.
लिहिलंय अठ्ठावीस, भरतंय एकोणतीस पॉइंट सहा.
फोर्कमध्ये मग दोन मिलिमीटर उरतात
आणि दोन मिलिमीटरमध्ये लाल चिखल मावत नाही.
हे कुठल्या ड्रॉइंगवर लिहिलेलं नव्हतं.
गेल्या जुलैत खानापूरच्या अलीकडं
चाक जागच्या जागी थांबलं, तेव्हा कळलं.

"याव दारी, री?"
कुठल्या वाटेनं जाता?
रोजचं वडगाव ते कारखाना, म्हटलं,
रविवारी हिंडलगा, उचगाव फाटा, बाची,
पलीकडं शिनोळी, जमलं तर चंदगडच्या बाजूला.
बाचीच्या पुढं डांबराचा आवाज बदलतो.
कुठल्या बाजूचा रस्ता वाईट, ते दर वर्षी बदलतं.
पाटी वाचायच्या आधी तळव्यांना समजतं.

अण्णा ऐकत होते की नाही कोण जाणे.
टोच्यानं ते जुन्या रबरातून एकेक उकरून
वर्तमानपत्रावर ठेवत होते:
काचेचा तुकडा, उसाच्या ट्रॉलीची तार,
जांभ्याचा एक कण, आणि एक स्टेपलची पिन.
ती बहुतेक आमच्याच ऑफिसातली.

मग उठून त्यांनी पुढचं चाक उचललं,
फिरवलं, अंगठा दाबत दाबत एक फेरी घातली.
"जोडी कशाला?
होसादु मुंद, हळेदु हिंद."
आणि माझा चेहरा बघून मराठीत:
"नवं पुढं, जुनं मागं घाला.
मागचं फुटलं तर माणूस थांबतंय.
पुढचं फुटलं तर पडतंय की हो, बाई."

मी वाद घातला.
वजन मागं, झीज मागं, मग नवा मागंच नको का?
कारखान्यात आम्ही तेच करतो,
झिजलं ते बदल, बाकीच्याला हात लावू नको.
अण्णांनी उत्तर दिलं नाही.
पान्यानं नट सैल करायला लागले.
उत्तर द्यायचं राहिलं म्हणून नव्हे,
नट गंजला होता.

एकाच टायरचे पैसे घेतले. पंचवीस.
"हवा नव्वद. तुमचं वजन किती?
राहू द्या, सांगू नका. नव्वदच."

नव्या रबरावर बारीक केस असतात,
साच्यातून हवा बाहेर गेल्याच्या खुणा.
आमच्याकडं असलं काही दिसलं की घासून टाकतात.
हे रस्त्याला लागून भुणभुणत होते,
कपिलेश्वरापासून थेट रेल्वे गेटपर्यंत.

गेट पडलं होतं. मिरजेची गाडी.
उतरून बोट फिरवलं:
मधले केस गेले होते,
इतक्यातच.
कडेचे तसेच आहेत अजून, ताठ.
तेवढी कलून मी अजून
कुठं वळलेच नाही.