पोचा

लेन ब्रॉकल्सबीची उजवी मूठ
झटक्यानंतर अजून नीट वळत नाही.
मंगळवारी आणि गुरुवारी मी जाते,
त्याची बोटं एकेक उघडते, पुन्हा मिटते.
आज म्हणाला, माझं राहू दे,
आधी हिच्याकडे बघ.

जिन्याखालच्या कपाटातून
ओढायला लावली एक लांब काळी पेटी.
आत स्नूकरची काठी, ॲशच्या लाकडाची,
टोकापासून वीतभर खाली पोचा.
दिसत नाही,
पण अंगठा तिथे अडखळतो,
मऊ भातात खडा लागावा तसा.

हा पोचा कसा पडला, याच्या तीन हकिकती आहेत.
पहिलीत क्लीथॉर्प्सची लीग, हुकलेली काळी, आणि रेडिएटर.
दुसरीत डोरीन आणि गाडीचं दार.
तिसरी तो सांगायला लागतो
आणि खिडकीबाहेर बघत बसतो.

आधी पूस, म्हणाला. ओल्या फडक्यानं नाही, दमट.
ओलं आणि दमट यांतला फरक
ग्रिम्सबीत वेगळा शिकवावा लागत नाही.
इथे समुद्र भिंतीतून येतो,
तांदूळ घातले तरी मीठदाणीत मिठाचा खडा होतो.
फडक्यावर उतरला खडूचा निळा,
हातांचा घाम, क्लबांतला जुना धूर,
सगळं मिळून फिक्क्या चहाचा रंग.

मग किटली.
फडक्याची घडी पोच्यावर ठेव,
वर तापलेल्या चमच्याची पाठ.
दोन श्वास. उचल. बघ. पुन्हा.
घाई केलीस तर डाग पडेल.
लाकूड तुटलेलं नाहीये, नुसतं दबलंय,
पाणी प्यायलं की उठून बसेल.
हेच वाक्य मी दवाखान्यात रोज बोलते,
एवढ्या खात्रीनं नाही.

काठी दोन रात्री आडवी ठेवली,
भिंतीला टेकवून नाही:
टेकून उभं राहिलं की बाक येतो, म्हणाला,
आणि स्वतः वॉकरवर टेकून हसला.

गुरुवारी बारीक पॉलिशचा कागद.
लाकडावर रेषा होत्या, एकाखाली एक बाण,
हेरिंगच्या काट्यासारख्या.
चाळीस वर्षं गोदीवर मासे कापलेत मी,
रेषेच्या उलट जाऊ नकोस.
गेले नाही.

मग त्यानं डाव्या हातानं बाटलीचं बूच काढलं
आणि त्या स्वयंपाकघरात
यवतमाळ आलं.
जवस! मी म्हटलं.
भाजून, लसूण-मिरची घालून कुटतो आम्ही,
भाकरीबरोबर खातो.
त्यानं बराच वेळ माझ्याकडे बघितलं.
तुम्ही क्यूचं तेल खाता?
मग तुमच्याकडे कुणाचे सांधे आखडत नसतील.
आखडतात, लेन.

तेल थेंबभरच. तळहातानं चोळ,
लाकूड गरम लागेपर्यंत, मग सगळं पुसून टाक.
जे आत गेलं ते त्याचं,
वर राहिलं ते चिकटणार.
आणि फडकं चुरगळून डब्यात टाकू नकोस,
रात्रीत आपोआप पेट घेतं.
दोरीवर पसर.
मी पसरलं, त्याच्या दोन बनियनांशेजारी.

आता बघ, म्हणून काठी टेबलावर लोटली.
किंचित डुलत गेली, बशीला लागून थांबली.
पहिल्यापासून अशीच आहे, म्हणाला,
ती जराशी उजवीकडे बघते,
मीही जरासा उजवीकडे बघायचो.

मग डावा अंगठा फिरवला,
टोकापासून खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली.
कुठे होता?
मी बोट ठेवून दाखवलं.
त्याचा चेहरा उतरला.
डावा हात कुठे टेकायचा
ते मला त्या पोच्यानंच कळायचं गं.

मला काही सुचलं नाही.
उजवी मूठ हातात घेतली,
उघडली, मिटली. दहा वेळा म्हणजे दहा वेळा.
सातव्या वेळेला करंगळी आपणहून हलली,
निदान मला तसं वाटलं.
आठव्या वेळेला तो म्हणाला,
तिसरी हकीकत खरी आहे.